फेंटरमाइन : बारा आठवडे, रोजची एक कॅप्सूल आणि रक्तदाबाची वही

भूक मंदावणारे औषध म्हणून फेंटरमाइन मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि त्यांच्या देखरेखीखाली बारा आठवडे घेतले. हे औषध सुरू करण्याच्या विचारात असलेल्यांना जे आधी कळायला हवे, ते या परीक्षणात लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. औषध गुणकारी आहे आणि त्याचा परिणाम पहिल्या आठवड्यातच जाणवतो. मात्र ज्यांच्या घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नाही आणि ज्यांना ठरावीक दिवसांनी तपासणारे डॉक्टर नाहीत, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. या औषधाचा फायदा आपोआप जाणवतो, धोका मात्र बहुतेक वेळा जाणवत नाही, तो मोजावा लागतो.

माझी उंची १६० सेंटिमीटर आणि सुरुवातीचे वजन ९२ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) साधारण ३६ होता. हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा २७ किंवा अधिक असून सोबत उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तरच अशा औषधांचा विचार करावा, हा प्रचलित निकष आहे. चार-पाच किलो वजन कमी करून कपडे नीट बसावेत, एवढ्यासाठी हे औषध नाही. वजन घटवण्यासाठी मी आधी ज्या दवाखान्यात गेले होते, तेथे माझे वजन केले गेले, एक अर्ज भरून घेतला गेला आणि सात-आठ मिनिटांत फेंटरमाइनची चिठ्ठी माझ्या हातात आली. रक्तदाब कोणी मोजला नाही, नाडी पाहिली नाही, घरात कोणाला हृदयविकार आहे का, हेही विचारले नाही. ती चिठ्ठी मी वापरली नाही. मी धाडसी होते असे नाही. औषधाच्या माहितीपत्रकातील पहिलाच परिच्छेद वाचून मला भीती वाटली होती, एवढेच. त्या दवाखान्याबद्दल माझी तक्रार आजही कायम आहे, कारण जे विचारायला दोन मिनिटे लागली असती, तेच विचारले गेले नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला पाऊण तास दिला. त्यांचे प्रश्न जवळजवळ जसेच्या तसे मला आठवतात, कारण त्यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असते तर औषध मिळणार नव्हते किंवा पुढील तपासण्यांशिवाय मिळणार नव्हते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, पक्षाघात, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, हृदयाचे कार्य मंदावणे किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब यांपैकी कधी काही झाले आहे का? थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते का? काचबिंदू आहे का? कधी कशाचे व्यसन होते का? मन फार अस्वस्थ, चिडचिडे राहते का? नैराश्यासाठी एमएओ इन्हिबिटर गटातील औषध गेल्या चौदा दिवसांत घेतले आहे का? गर्भधारणा आहे का, किंवा बाळ अंगावर पीत आहे का? मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का? शेवटचा प्रश्न मला अनपेक्षित वाटला, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की फेंटरमाइन मुख्यतः लघवीवाटे शरीराबाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर औषध शरीरात साचत जाते, म्हणून अशा रुग्णांना मात्रा कमी द्यावी लागते आणि आजार फार वाढलेला असेल तर औषध टाळावेच लागते. त्यानंतर दोन वेळा रक्तदाब, नाडी, हृदयाचा आलेख, साखर आणि थायरॉइडची तपासणी झाली. रक्तदाब १२४/८०, नाडी ७४. हे आकडे त्यांनी माझ्याच हाताने एका वहीत लिहायला लावले आणि सांगितले, "या औषधात वजनाच्या काट्यापेक्षा ही वही महत्त्वाची आहे. रोज लिहा."

फेंटरमाइन हे नवे औषध नाही. अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये मान्यता मिळाली. रचनेने ते अँफेटामाइन या व्यसन लावू शकणाऱ्या उत्तेजक औषधाच्या जवळचे आहे आणि म्हणूनच तेथे ते नियंत्रित औषधांच्या चौथ्या अनुसूचीत ठेवलेले आहे. मेंदूत ते मुख्यतः नॉरएपिनेफ्रिन हे रसायन वाढवते. संकटाच्या वेळी शरीर ज्या रसायनाच्या बळावर सावध होते, तेच हे रसायन. अंगावर धावून येणाऱ्या जनावरासमोर कोणाला भूक लागत नाही. ही गोळी थोड्या प्रमाणात तीच अवस्था रोज सकाळी निर्माण करते, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. एवढे समजून घेतले की दुष्परिणामांची यादी पाठ करावी लागत नाही. तोंड कोरडे पडणे, झोप उडणे, हृदयाचे ठोके वाढणे, रक्तदाब चढणे, हात थरथरणे, पोट साफ न होणे, डोके दुखणे, जीव उतावीळ होणे, पुरुषांमध्ये लैंगिक क्षमता कमी होणे, हे बहुतेक सारे त्याच एका उगमापासून निघते.

मला १५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळच्या न्याहारीनंतर सुमारे दोन तासांनी घ्यायची होती. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ टळून गेली तरी मला आठवण झाली नाही, असे माझ्या आयुष्यात त्याआधी घडले नव्हते. खाण्याचा विचार डोक्यातून जणू कोणी उचलून नेला होता. या सुखाबद्दल मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण याच सुखामुळे माणूस बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा करतो. तिसऱ्या दिवसापासून जीभ टाळूला चिकटू लागली. रात्री पाणी प्यायला दोन-तीन वेळा उठावे लागे. तोंडाची कोरड हा किरकोळ त्रास समजला जातो, पण लाळ कमी झाली की दात किडण्याची शक्यता वाढते, आणि सततची तहान भागवायला आपण गोड पेये प्यायला लागलो तर औषधाचा उद्देशच हरपतो. मी पाण्याची बाटली सतत जवळ ठेवली आणि दातांची काळजी नेहमीपेक्षा जास्त घेतली. भूक नसताना पाणी, भाज्या आणि फळे हे सगळेच कमी होते, त्यामुळे बद्धकोष्ठताही झाली; तंतुमय पदार्थ आणि पाणी ठरवून वाढवल्यावर ती आटोक्यात आली.

झोपेबाबत मी एक चूक केली. दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी सकाळी कॅप्सूल विसरले आणि आठवण झाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. एक दिवस का बुडवायचा, म्हणून ती घेतली. फेंटरमाइनची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला सुमारे वीस तास लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या रात्री मी पहाटेपर्यंत जागी होते. डोळे मिटलेले, शरीर थकलेले, पण डोक्यात कोणी दिवा विझवायचा विसरल्यासारखे लख्ख. सकाळची वेळ चुकली तर त्या दिवशीची गोळी सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. दोन एकदम घेऊन भरपाई करू नये. अपुरी झोप स्वतःच भूक वाढवते, तेव्हा त्या भरपाईतून हाती काहीच लागत नाही.

आता वहीबद्दल. पहिल्या पंधरा दिवसांत माझा रक्तदाब १३४/८६ आणि नाडी ८८ पर्यंत गेली. मला यांपैकी काहीही जाणवत नव्हते. उलट अंगात उत्साह होता, कामे भराभर होत होती, आणि वजन उतरत असताना रक्तदाबही उतरत असणार असेच मी गृहीत धरले होते. यंत्राने तो गैरसमज दूर केला. डॉक्टरांनी चहा-कॉफी निम्म्यावर आणायला सांगितली, कारण कॅफिनही त्याच दिशेने ढकलते, आणि मोजण्याची रीतही सांगितली. पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, न बोलता, रोज एकाच वेळी मोजायचे. चौथ्या आठवड्यानंतर आकडे १२८/८२ च्या आसपास स्थिरावले.

एकदाच ते खरोखर भीतीदायक झाले. पाचव्या आठवड्यात मला सर्दी झाली आणि घरात असलेली सर्दीची गोळी मी नेहमीप्रमाणे घेतली. तासाभरात कानात ठोके ऐकू येऊ लागले. पंखा बंद करून पाहिला, मग लक्षात आले की तो आवाज बाहेरचा नाही. यंत्रावर १४८/९४ आणि नाडी १०८ असा आकडा आला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, तोच. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी सर्दीच्या गोळीचे वेष्टन वाचायला लावले. त्यात स्यूडोएफेड्रिन होते. नाक मोकळे करणारे हे औषध रक्तवाहिन्या आवळते, आणि फेंटरमाइनच्या जोडीला आले की दोघांचा जोर एकत्र होतो. त्यांनी दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल थांबवायला सांगितली आणि छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर फोन न करता थेट रुग्णालयात जाण्यास बजावले. तसे काही झाले नाही. संध्याकाळपर्यंत आकडे खाली आले. जी गोळी मी वर्षानुवर्षे न विचारता घेत आले, तिनेच मला घाबरवले, ही गोष्ट मला फार लागली. भूक मंदावणारे औषध चालू असताना चिठ्ठीशिवाय मिळणारे प्रत्येक औषध, वजन घटवण्याची म्हणून विकली जाणारी प्रत्येक पावडर आणि वनौषधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्यांना दाखवूनच घ्यावी. मद्य टाळावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणे कमी झाल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागू शकते, अन्यथा साखर एकदम खाली जाते.

माझे वजन उतरलेले पाहून धाकट्या बहिणीने विचारले, "ताई, तुझ्यातल्या आठ-दहा गोळ्या मला दे ना, बघते तरी." तिचे बाळ तेव्हा पाच महिन्यांचे होते आणि अंगावर पीत होते. मी नाही म्हटल्यावर ती रुसली, आणि मला वाईट वाटले, पण त्या नकारावर मी आजही ठाम आहे. स्तनपान चालू असताना हे औषध वर्ज्य आहे, गरोदरपणातही वर्ज्य आहे. आणि ज्या पाऊण तासात मला ते द्यायचे की नाही हे ठरले, तो पाऊण तास तिच्या वाट्याला आलेलाच नव्हता. माझ्या नावाच्या चिठ्ठीवरचे औषध केवळ माझ्या तपासण्यांच्या आधारावर सुरक्षित होते. त्यानंतर कॅप्सूलची बाटली मी कपाटात कुलपात ठेवू लागले.

डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांपैकी एक मला अनाकलनीय वाटली होती. ते म्हणाले होते, "जो जिना आज तुम्ही सहज चढता, तो चढताना धाप लागू लागली किंवा पाय सुजले, तर औषध त्याच दिवशी बंद करा." वजन उतरत असताना धाप वाढेल कशी, असा मला प्रश्न पडला. त्याचे उत्तर या औषधांच्या इतिहासात आहे. १९६० च्या दशकात युरोपातील काही देशांत अमिनोरेक्स नावाची भूक मंदावणारी गोळी विकली गेली आणि ती घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढण्याचा एरवी दुर्मीळ आजार एकाएकी वाढलेला दिसला. ती बाजारातून काढावी लागली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत फेंटरमाइन आणि फेनफ्ल्युरामाइन ही जोडी अतिशय लोकप्रिय झाली. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ही जोडी घेतलेल्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांतील बिघाडाची माहिती जाहीर केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेनफ्ल्युरामाइन बाजारातून हटवले गेले. झडपांचा दोष फेनफ्ल्युरामाइनकडे गेला आणि फेंटरमाइन टिकून राहिले. तरीही त्याच्या माहितीपत्रकात फुप्फुसीय उच्च रक्तदाब आणि झडपांचे आजार यांचा इशारा आजही आहे, आणि त्याची पहिली खूण बहुधा धाप हीच असते. आजार दुर्मीळ आहे, पण प्राणघातक आहे, आणि आपण ती धाप लठ्ठपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

भूक मंदावणाऱ्या इतर औषधांची कहाणीही सावध करणारी आहे. सिब्युट्रामाइन अनेक वर्षे विकले गेले आणि आधीच हृदयविकार असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे सुमारे १०,००० जणांच्या अभ्यासात दिसल्यावर २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेत बंद झाले. रिमोनाबंट युरोपात २००६ मध्ये आले आणि नैराश्य व आत्महत्येचे विचार यांच्या धोक्यामुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबली. लॉर्कासेरिन २०१२ मध्ये मान्य झाले आणि कर्करोगाच्या शक्यतेवरून २०२० मध्ये मागे घेतले गेले. ही सर्व औषधे कधी ना कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळत होती. चिठ्ठी आहे म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. कोणतेही नवे लक्षण डॉक्टरांच्या कानावर घालणे हा याच कारणासाठी उपचाराचा भाग आहे.

आज उपलब्ध असलेल्या पर्यायांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते मी स्वतः घेतलेले नाहीत. फेंटरमाइन आणि टोपिरामेट (फिटच्या आजारावरही दिले जाणारे औषध) यांची एकत्र कॅप्सूल मला सुचवली गेली होती. तिच्यात हातापायांना मुंग्या येणे, चव बदलणे, शब्द न आठवणे आणि मूत्रपिंडात खडे होणे संभवते; गर्भधारणा झाल्यास बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा धोका वाढतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर महिन्याला गर्भचाचणी करावी लागते, आणि सर्वांत मोठी मात्रा एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन यांची गोळी फिटचा आजार असलेल्यांनी, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि ओपिऑइड (अफूच्या वर्गातील) वेदनाशामके घेणाऱ्यांनी घेऊ नये. मनःस्थितीतील बदलांवर घरच्यांनीही लक्ष ठेवावे लागते. सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याला एक इंजेक्शनची औषधे वेगळ्या मार्गाने भूक कमी करतात. सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण सोळा आठवड्यांत २.४ पर्यंत नेतात, कारण घाई केली की मळमळ आणि उलट्या असह्य होतात. पोटात वरच्या बाजूला उठून पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर ती स्वादुपिंडाच्या दाहाची खूण असू शकते. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. आणि घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल तर हे औषध घेता येत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर यांपैकी कोणतेही औषध चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.

आठव्या आठवड्यात माझी भूक परतू लागली. आधी संध्याकाळी, मग दुपारीही. माझी मात्रा लहान होती आणि वाढवायला जागा होती, म्हणून मी स्वतःहून डॉक्टरांना तसे विचारले. त्यांनी वही उघडली, नाडीच्या रकान्यावरून बोट फिरवले आणि नको म्हणाले. शरीराला औषधाची सवय झाली की मात्रा चढवत नेणे हा या प्रकारच्या औषधांतील सर्वांत धोक्याचा टप्पा असतो. फेंटरमाइनच्या माहितीपत्रकातही, सवय झाल्यास शिफारशीपेक्षा जास्त मात्रा घेऊ नये, औषध थांबवावे, असेच लिहिलेले आहे. तेव्हा मला त्यांचा राग आला होता हे मान्य करते. त्या वेळी माझ्याकडे आधीच्या दवाखान्याची न वापरलेली चिठ्ठी अजून पडून होती, आणि एक संध्याकाळभर ती माझ्या पर्समध्ये होती. मग मी ती फाडली.

बाराव्या आठवड्यात औषध थांबले तेव्हा वजन ८५ किलो होते. बंद केल्यानंतरचे पाच-सहा दिवस अंगात मरगळ होती, झोप फार येत होती आणि मन उदास होते. हे होणार हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले नाही, पण ज्यांना नैराश्याचा पूर्वेतिहास आहे त्यांनी हा काळ एकटीने किंवा एकट्याने काढू नये. भूक मात्र पूर्ण ताकदीने परतली. त्या बारा आठवड्यांत मोजून खाण्याची, रात्री वेळेवर झोपण्याची आणि रोज चालण्याची जी सवय लावून घेतली होती, तिच्याच आधारावर पुढचे महिने निभावले. सहा महिन्यांनी वजन ८७ किलोवर स्थिर आहे. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासातही औषध बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे दिसले होते, त्यामुळे माझे दोन किलो परत आले याचे मला वैषम्य वाटत नाही.

औषधाला मी पाचपैकी तीन गुण देईन आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीला पाचपैकी पाच. हृदय, रक्तदाब, थायरॉइड, काचबिंदू किंवा व्यसन यांपैकी काहीही पूर्वी असलेल्यांसाठी माझे गुण शून्य समजावेत. शेवटच्या बाटलीत, बुडालेल्या दिवसांच्या, चार कॅप्सूल उरल्या होत्या. त्या पुढे-मागे उपयोगी पडतील म्हणून ठेवल्या नाहीत, औषधविक्रेत्यांकडे नष्ट करण्यासाठी परत दिल्या. वही अजून आहे. औषध बंद झाल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातील तिची शेवटची ओळ अशी आहे : १२०/७८, नाडी ७२.